शून्याच्या खाली दोन

दचकू नका, या लाकडी खांबावरून मी तापमापक बोलतोय. खरा दचकलोय तो मीच. वर्ष झालं, अजून सावरलो नाही.

एका कारागिराने भट्टीपुढे बसून माझी काच ओढली, नळीत तांबडा द्रव भरला आणि एक बारीक काडी सोडली. रात्री थंडी जिथवर उतरते तिथवर ती काडी सरकते आणि तिथेच थांबते. सकाळी मला तिरपं केलं की ती पुन्हा जागेवर. एवढीच माझी नोकरी.

एका म्हाताऱ्या रोपवाल्याने मला आपल्या रोपवाटिकेत टांगलं. मागे दलदल पसरलेली. अठरा हिवाळे काढले, पण काडी चार अंशांच्या खाली कधी गेली नाही. हा गुण माझाच, असं मला उगाच वाटायचं!

म्हाताऱ्याची सून मात्र दलदलीवर खार खाऊन होती. डासांपायी तिची लेक दोनदा तापाने अंथरुणाला खिळली होती. तिने नगरपालिकेत खेटे घातले आणि चर खणून घेतला. पाणी वाहून गेलं. लोकांनी तिची पाठ थोपटली.

पुढच्याच हिवाळ्यात एका सकाळी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि किंचाळली, "उणे दोन? मेलं बिघडलं हे!"

मग तिने मागे वळून पाहिलं. हजारो कलमं काळी ठिक्कर पडली होती, कुणी उकळतं पाणी ओतल्यासारखी.

तरी तिचा विश्वास बसेना. तिने बर्फ कुटला, पाण्यात घातला आणि मला त्यात बुडवलं. शून्य. बरोब्बर शून्य.

"बाबा, हे खोटं नाही हो बोलत..."

सासरे सुकलेल्या दलदलीकडे बघतच राहिले. "अगं, ते पाणी दिवसभर ऊन पोटात घ्यायचं आणि रात्री आपल्याला ऊब द्यायचं. इतकी वर्षं या दलदलीच्या कुशीत राहिलो, पण मलाही कळलं नाही."

तिने एक काळं पडलेलं कलम उपटून हातात घेतलं. "मीच केलं हे. हौसेने केलं."

चर बुजवून द्या म्हणून ती नगरपालिकेत गेली, तर तिथले साहेब हसले. "बाई, थंडी काय चिखल विचारून येते?"

ती वाद घालत बसली नाही. चराच्या तोंडाशी तिने स्वतः फळ्या ठोकल्या, लेकीच्या पलंगाला मच्छरदाणी बांधली. आता मागे घोटाभर पाणी साचलंय. आज सकाळी काडी शून्याच्या वर, एकावर थांबली.

एक विनवणी आहे. कुठल्याही ओल्या जमिनीला निकामी म्हणण्याआधी तिच्या शेजारी माझ्यासारखा एखादा तापमापक टांगा आणि वर्षभर बघा. कारण मी फक्त घडून गेलेलं सांगू शकतो. कुदळ पडण्याआधी ओरडणं मला जमत नाही.