माझा चार वर्षांपूर्वीचा फोटो

मित्रांनो, अंगणाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली जी निळी मोटार उभी आहे ना, ती मी. अंग थकलंय, पण आठवण अजून पक्की आहे.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझ्या दारात बघून भांग पाडता यायचा. मला घेतलं एका नर्सबाईंनी. सव्वीस वर्षं मी त्यांना बाळंतपणांना घरोघर नेलं. मला पाहिलं की माणसं म्हणायची, "आली निळी, आता काळजी नाही!" एवढं ऐकलं की चढावरसुद्धा मला दम लागत नसे.

मग बाईंची नजर अधू झाली. त्यांच्या भाच्याने मला न्हाऊमाखू घातलं, टायरांना काळं फासलं, फोटो काढला आणि इंटरनेटवर विक्रीची जाहिरात टाकली. दोन दिवसांत बाईंचा धीर सुटला. "आधी मला विक, मग हिला!" भाच्याने हसत जाहिरात काढली. पण तोवर माझा फोटो आणि आमचा पत्ता दुसऱ्याच वेबसाइटने उचलला होता. आम्हाला गंधवार्ता नव्हती. मी गंजत राहिले.

चार वर्षांनी, एका सकाळी एक शिंपी आला. त्याच्या बायकोला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यावं लागे. परतताना बसमध्ये तिला उभंही राहवत नसे.

"मावशी, गाडी बघायला आलोय."

"अहो, ती विकायची नाही. कधीच विचार बदलला मी."

त्याने मोबाइल पुढे केला. त्यात मी, चकचकीत. "सभासद झाल्याशिवाय पत्ताच दाखवत नव्हते. वर्षाचे पैसे भरले तेव्हा दिसला. पैसे घेतलेत म्हणजे खराच असणार ना?"

बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून पाहिला.

"आणखी सहा गाड्या होत्या यादीत," तो म्हणाला. "एक केव्हाच विकलेली, बाकीच्यांचे फोन लागत नाहीत. बायकोला हिचा फोटो आवडला. मागच्या सीटवर उशी कुठे ठेवायची, तेही ठरवलंय तिने."

बाईंना राहवलं नाही. "मग न्या हिला. पैसे नकोत, तशीच न्या."

पण आधी त्यांनी समोरच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो माझ्याखाली शिरला आणि बोटं झाडत बाहेर आला. "तळ आरपार गेलाय, बाई. ब्रेकचं तर नावच काढू नका. आजारी माणसाला यात बसवलं तर आजार परवडला म्हणायची वेळ येईल."

मला जायचं होतं, मित्रांनो. फार जायचं होतं. पण तो खरं बोलत होता. शिंप्याने माझ्या मागच्या दारावरून एकदा हात फिरवला आणि तो बसथांब्याकडे निघून गेला.

त्यानंतर आणखी दोघे आले. भाच्याने वेबसाइटला चारदा कळवलं, उत्तर नाही. माझा फोटो अजून तिथे चमकतोच आहे.

जुनी गाडी घ्यायची असेल तर ती आधी डोळ्यांनी बघा, जाणत्या माणसाला दाखवा. नुसता पत्ता दाखवायला कुणी सभासद व्हा म्हणालं, तर तिथेच थांबा.

बाईंनी माझ्या काचेवर पाटी लावली आहे: 'ही गाडी विकायची नाही. त्या वेबसाइटला पैसे देऊ नका.' पण ती वाचायला इथवर येणारा प्रत्येक जण पैसे भरूनच आलेला असतो. म्हणून, तुम्ही घरातून निघायच्या आधीच, तुम्हाला सांगते आहे.