डावा कल्ला

"मान खाली घ्या जरा," मामा म्हणाले आणि गिऱ्हाइकाची नजर खाली वळताच त्यांनी उजवा पाय उचलून हवेत झटकला. कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून उतरून पोटरीत ठाण मांडून बसली होती. अंगठ्याला मुंग्या आल्या होत्या. त्यांनी भार डाव्या पायावर टाकला, मग उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. एकतीस वर्षं सलून चालवणाऱ्या माणसाला दोन पायांवर उभं राहता येईना, याची त्यांना भयंकर चीड येत होती.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मणक्यातली गादी सरकलीय, ती शिरेवर दाब देतेय. व्यायाम करा, थोडं थोडं चाला. आणि काम बसून करा."

मामा पहाटे पालथे पडून व्यायाम करत. दुपारी गल्लीतून दोन फेऱ्याही मारत. शेवटच्या सूचनेकडे मात्र त्यांनी साफ काणाडोळा केला. लेकीनं चाकांचं स्टूल आणून दिलं, त्यावर त्यांनी टॉवेलांची चळत रचली.

"बाबा, ते बसायला आणलंय!"

"आमचे उस्ताद तापानं फणफणले तरी उभे असायचे. बसायचं काम गिऱ्हाइकाचं."

गिऱ्हाईक गेलं तसा शेजारचा फोटोग्राफर आत आला. ओळखपत्रासाठी फोटो काढायला येणाऱ्यांना तो आधी मामांकडे धाडायचा, 'माणसात येऊन या' म्हणून. आज त्याच्या हातात पाकीट होतं आणि तो उगाच घसा खाकरत होता.

"मामा, रागावू नका. आधी मला वाटलं, माझा कॅमेराच वाकडा झालाय. तिवईसुद्धा बदलून पाहिली."

त्यानं आरशाखालच्या फळीवर आठ फोटो ओळीनं मांडले. आठ वेगळी माणसं, आठ वेगळे चेहरे, आणि प्रत्येकाचा डावा कल्ला उजव्यापेक्षा बोटभर आखूड.

"कोणी बोललं कसं नाही मला?"

"तुम्हाला कोण बोलणार, मामा?"

ते वाक्य कळीपेक्षा जास्त झोंबलं. मामांनी आरशात पाहिलं. एक खांदा उतरलेला, मान कलती. दुखऱ्या पायाला चुकवता चुकवता शरीर कधी वाकडं झालं, कळलंच नव्हतं, आणि डोळ्यांनी तेच सरळ धरलं होतं. ते दुकानात येरझारा घालू लागले. चार पावलं तिकडे, चार इकडे. पायाला चैन नव्हती आणि जिवालाही.

अचानक ते थांबले. "बस."

"कोण, मी? अहो, मी फक्त दाखवायला..."

"बस म्हणतो ना!"

फोटोग्राफर मुकाट्यानं खुर्चीत बसला. मामांनी टॉवेल उचलून कोपऱ्यात ठेवले, स्टूल ओढलं आणि टेकले. कैची सुरू झाली. ही बाजू, ती बाजू, मग मागे मानेशी. चाकं करकरत होती.

"मामा, आरशात तुम्ही दिसेनासेच झालात."

"मला काय बघायचंय? कल्ले बघ."

फोटोग्राफरनं आपल्या धंद्याची नजर लावून बराच वेळ पाहिलं. "सारखे आहेत. अगदी सारखे."

मामांनी त्याच्या डोक्यामागे मान डोलावली. पोटरी कितीतरी दिवसांनी गप्प होती. बरं वाटायला हवं होतं, पण त्यांचे डोळे भरून आले.

आरसा दाराच्याच भिंतीला होता, त्यामुळे आत डोकावणाऱ्याला आधी खुर्चीतला माणूस दिसे आणि त्याच्यावर मामांचा चेहरा. दारात पोस्टमन आला. आठ फोटोंपैकी एक त्याचाच होता. त्यानं आत नजर टाकली.

"मामा नाहीत का आज?"

"आहे, आहे," खुर्चीमागून आवाज आला. मामांनी टॉवेलाच्या टोकानं डोळे पुसले आणि बसूनच म्हणाले, "या. तुमचा डावा कल्ला बघायचाय मला."