खाऱ्या खड्ड्यातली बाबाई

मी बाबाई. तुमच्या अळूची धिप्पाड चुलतबहीण म्हणा. माझी पानं माणसाच्या डोक्यावरून जातात आणि गड्डा, नीट पोसला तर, दोघांनी उचलावा लागतो. आता मी खड्ड्याच्या काठावर आडवी पडलेय. हिरवी होते तोवर माझं कुणी ऐकलं नाही, म्हणून आत्ताच बोलून घेते.

आमचं किरिबाटीचं बेट म्हणजे समुद्रात अंथरलेली वाळूची पट्टी. वाळूखाली पावसाचं गोडं पाणी साठतं. तिथपर्यंत खणायचं आणि त्या चिखलात मला लावायचं. म्हाताऱ्या बाउरोने मला त्याच्या आजीच्या रोपाच्या बुडाशी फुटलेल्या पिल्लापासून वाढवलं. माझ्याभोवती केवड्याच्या पानांची बिनबुडाची टोपली विणली, तिच्यात पाला भरला. कुठला पाला, किती वाळवलेला, हे घराबाहेर सांगायचं नाही, अशी इथली रीत; ज्याचा गड्डा मोठा, त्याचा गावात मान मोठा. शेजारच्या खड्ड्याचा मालक इओटेबा दिसला, की बाउरो पाला पाठीमागे लपवायचा.

"काय घालतोस रे हिला?"

"शिव्या. तू आलास की घालतो."

दोघेही हसायचे. सांगायचं मात्र कुणीच नाही.

मग एका मोठ्या भरतीला समुद्र आत शिरला. पाणी ओसरलं, मीठ राहिलं.

मीठ मुळाशी आलं की माझ्या मुळांतली पेशीन् पेशी ते बाहेर ढकलते. ढकलूनही जे आत घुसतं, ते पेशीच्या पोटातल्या पाण्याच्या पिशवीत कोंडायचं, म्हणजे पेशीच्या बाकीच्या भागाचं काम बिघडत नाही. पण कोंडलेलं मीठ त्या बाकीच्या भागातलं पाणी ओढू लागतं. ते धरून ठेवायला तिथे साखरेसारखी द्रव्यं साठवावी लागतात. या सगळ्याला ताकद लागते, आणि ती मी गड्ड्याच्या तोंडचा घास काढून मिळवली. जुन्या पानांत मीठ भरून त्यांना मरू दिलं, नवी हिरवी राखली. कौतुकासाठी नाही. जगायला दुसरा रस्ता नव्हता.

बाउरोला दिसली ती फक्त हिरवी पानं. "बघ, कशी सोसतेय! हिला काही होत नाही."

त्याची मुलगी रोटिया मात्र खड्ड्यात उतरली आणि बोट बुडवून जिभेला लावलं. "बाबा, पाणी खारट झालंय. हिच्या बुडाशी पिल्लं आहेत, ती तरी काढून बेटाच्या आत, समुद्रापासून लांबच्या खड्ड्यात लावू. नाहीतर माझ्या पोराला पुढे लावायला काय राहील?"

"भरदिवसा पिल्लं हलवायची? इओटेबाला कळेल, आपला खड्डा बिघडला म्हणून. पोराच्या पहिल्या वाढदिवसाला हिला सगळ्या गावासमोर काढायची. तोवर गप्प बस."

"इओटेबाकाकांना विचारून तरी बघू या."

"त्याला विचारायचं? त्यापेक्षा मला इथेच पूर!"

माझ्या पिशव्या भरत गेल्या. एकदा त्या भरल्या, की मिठाला अडवायला जागाच उरत नाही. पिल्लं आधी गेली, माझ्याच वाळक्या पानांखाली. वरून कुणाला दिसलंही नाही.

आज पोराचा पहिला वाढदिवस. सकाळी बाउरोने गाव खड्ड्यापाशी जमवलं. दोन दांडग्या माणसांना म्हणाला, "नीट धरा रे, जड आहे." त्यांनी ओढलं आणि मी एका हातात वर आले. गड्डा जेमतेम नारळाएवढा, खालून सडलेला.

"बाउरो, सगळा पाला तूच खाल्लास की काय?" मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं नाही. रोटिया कडेवरच्या पोरासकट चिखलात उतरली आणि पिल्लं चाचपू लागली. हाताला नुसता लगदा लागला.

इओटेबाने वाकून माझा सडलेला गड्डा उलटून पाहिला. मग हळूच म्हणाला, "माझीही अशीच झालीय. त्या भरतीपासून पाणी खारट लागतंय."

"मग बोलला का नाहीस?" बाउरो ओरडला.

"तू बोललास?"

दोन्ही खड्ड्यांखालचं पाणी एकच. दोघांनी मिळून खारं पाणी उपसलं असतं, पिल्लं वेळेत आत नेली असती, तर या पोरासाठी काहीतरी उरलं असतं.

"काका, तुमच्याकडे एखादं पिल्लू जिवंत असेल?" रोटियाने विचारलं.

इओटेबाने सवयीने आधी मागे वळून पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना.

तो काय म्हणेल ते ऐकायला मी असेन की नाही, ठाऊक नाही. मला सोशिक म्हणू नका. त्या शब्दाच्या आड तुम्ही सगळे लपलात. पुढच्या वेळी झाडाची पानं बघत बसू नका. खाली वाका, पाणी चाखा, आणि चव मोठ्याने सांगा.