गिलाव्याखालची भेग

हेमांगीने भिंतीवरून हात फिरवला आणि बोटं उजेडात धरली. त्यांना ओली माती लागली होती.

"हा गिलावा कालचा आहे," ती म्हणाली.

ती विमा कंपनीकडून नुकसान पाहायला आली होती. लोणखेड्याच्या या शेतात लोटनने विटांच्या खोलीला आतून थर्माकोल लावून केळी पिकवायची थंड खोली केली होती. चार दिवसांपूर्वीच्या वादळात गोठ्याचा पत्रा उडून बाहेरच्या कूलिंग मशीनवर आदळला आणि भिंतही फाटली. भरपाई मिळून खोली श्रावणाआधी सुरू झाली नाही, तर उपवासाच्या केळ्यांचा हंगाम हातचा जाणार होता.

लोटन आईकडे वळला.

"माय, हाई काय करं तू?"

"पाहुणी येणार व्हती ना घरले," गजराबाई म्हणाल्या. "फाटेल भिंत कशी दखाडू?"

हेमांगीला हसू आलं. "आजी, मी फाटलेली भिंतच बघायला आलेय. दिसली नाही, तर नुकसान नाही असं लिहावं लागेल."

गजराबाई घरात गेल्या आणि उलथनं घेऊन आल्या. आपणच लिंपलेली माती त्या खरवडू लागल्या. भेग हळूहळू उघडी पडली. हेमांगीने मोबाईलचा उजेड आत टाकला.

"काय दखी ऱ्हायनी, बेटा?" गजराबाईंनी विचारलं.

"खाली बघा. तुटलेली वीट आतून लालभडक आहे. नवी भेग अशी असते. जुनीत धूळ बसते, कडा काळ्या पडतात." उजेड वर सरकला. वरच्या भेगेत मातीचे थर होते, एकावर एक, सुकलेले. "लोटनभाऊ, जबाबात तुम्ही सगळी भेग वादळातली लिहिलीय."

"सगळी वादळनीच शे, मॅडम."

गजराबाईंनी वाकून पाहिलं. "खालनी वादळनी. वरली जुनी शे. दर वरीसले आखाजीना सनले मीच भरस."

"माय, तू घरमा जाय."

"का बरं? भरस मी, आनि बोलू नको?"

लोटनने खाली पडलेलं एक ढेकूळ चपलेने चुरडलं.

हेमांगी मशीनकडे गेली. जाळीवर पत्र्याचा पोचा स्पष्ट होता. पण पत्रा पडला तेव्हा मशीन चालू होतं की आधीच बंद होतं, हे पोचा सांगत नव्हता. फाईलमध्ये मशीनच्या चैत्रातल्या दुरुस्तीची पावती होती. शेजारी लोटनच्या जबाबातली ओळ होती : 'वादळापर्यंत मशीन उत्तम चालू होते.' तिने ती दोनदा वाचली आणि लोटनकडे पाहिलं.

"ते खरं शे, मॅडम," तो म्हणाला. आवाज मघापेक्षा बारीक होता. "आईनी आण."

हेमांगीने तो कागद फाईलच्या तळाशी सरकवला आणि जबाबाचा एक कोरा फॉर्म वर घेतला.

"आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा. आणि वादळाच्या दिवशी मशीन कसं होतं, तेही तुम्हीच सांगा."

गजराबाईंनी उलथनं भिंतीला टेकवलं, पदराला हात पुसले आणि लेकाकडे पाहिलं.

लोटनने मान वर केली नाही. गोठ्याच्या सावलीतली खाट ओढत आणून त्याने दोघींना बसायला ठेवली आणि तो जरा दूर जाऊन उभा राहिला.