कुरळ्या केसांचं तेल

जिन्यापासून दारापर्यंत रांग होती आणि सगळी मंडळी माझं डोकं बघायला आली होती. स्तनाच्या कॅन्सरच्या किमोत माझे केस साफ गेले. जन्मभर सुतासारखे सरळ होते. परत उगवले ते चक्क कुरळे. मी आरशात बघून हसले. नणंदेने मात्र हात जोडले, कारण कॅन्सरवर उतारा म्हणून तेलमहाराजांच्या तेलाची बाटली तिनेच आणली होती.

महाराज माझ्याच सोफ्यावर बसून माझाच चहा पीत होते. "रोग मुळापासून पिळून काढलाय," ते सांगत होते. "पीळ केसांत उतरलाय, बघून घ्या."

लोक बघून घेत होते. काळी पडलेली नखं, बसल्या जागी फुटणारा घाम, जिना चढताना कुरकुरणारे गुडघे, हेही उपचारांनंतरच आलं होतं. त्याचं श्रेय महाराजांनी मोठ्या मनाने डॉक्टरांना सोडलं होतं.

गंमत म्हणून मी गप्प होते. इतक्यात खालच्या मजल्यावरची शिवणकाम करणारी बाई जवळ आली. माझ्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाली, "ताई, मलाही छातीत गाठ लागलीये. उद्या सुई घालून तपासायला बोलावलंय. आता नाही जात. तेलच लावते."

माझी गंमत तिथेच संपली. मला भीती वाटली, आणि रागही आला.

"महाराज," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुमच्या तेलाच्या वासाने मला मळमळायचं. एक थेंबही डोक्याला लावला नाही. सगळं या दाराच्या बिजागऱ्यांना घातलं. दार छान चालतं."

नणंदेचा चेहरा पडला. महाराजांचा नाही. "बाटली घरात असली तरी पुरते," ते म्हणाले.

"मग केस कुरळे कसे झाले?" शिवणवालीने मला विचारलं.

"उद्या माझ्याबरोबर चल. दाखवते."

हॉस्पिटलच्या बाकावर उपचार संपलेल्या चौघी बसल्या होत्या. तिघींच्या डोक्यावर तसेच कुरळे केस. शिवणवालीने एकेकीला तेल कुठलं ते विचारलं. कुणीच काही लावलं नव्हतं. नर्सने समजावलं, "किमोने केसांची मुळं दुखावतात. ती सावरेपर्यंत नवा केस कधी वळून येतो, कधी वेगळ्याच रंगाचा. पुढे बहुतेकींचे पहिल्यासारखे होतात."

शिवणवालीने त्या कुरळ्या डोक्यांकडे पुन्हा एकदा बघितलं. मग उठून तपासणीच्या खोलीत गेली.

निकाल अजून यायचाय. तो चांगलाच येईल असं मी तिला सांगितलेलं नाही. तसं सांगायला महाराज आहेत. तुम्हाला एवढंच सांगते, गाठ लागली तर आधी तपासून घ्या. केस सरळ येवोत की कुरळे, ते विंचरायला आपण जिवंत असायला हवं.