वाढलेले पाच किलो

"सेहेचाळीस! अगं, सेहेचाळीस!" मी ओरडलोच. "पंधरा दिवसांत पाच किलो! उतर आता, काटा मोडशील माझा."

बायको हसली आणि भिंतीला धरून हळूच उतरली. एकतीस वर्षं गोदामात पोत्यांचं वजन करण्यात गेली माझी. काट्यापुढे मी कुणाचं ऐकत नाही. हृदय कमजोर झाल्यापासून ती नुसती वाळत चालली होती. आता कुठे अंग धरत होती, गालही भरले होते. मला आभाळ ठेंगणं झालं.

अक्कल माझीच. तिची लघवीची गोळी मी बंद केली होती. ती घेतली की बिचारीच्या सकाळभर संडासाच्या खेपा. एकदा दारातच पडली आणि ढसाढसा रडली. लागलं म्हणून नव्हे, कपडे ओले झाले म्हणून. म्हटलं, खड्ड्यात गेली ती गोळी!

दोनच दिवसांनी तिला श्वास पुरेना. दवाखान्यात इंजेक्शन दिलं, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला. नर्सनं विचारलं, "गोळी चालू होती ना, काका?"

मी खरं ते सांगितलं. वजनाचंही सांगितलं, जरा फुशारकीनंच.

"काका, ते पाणी आहे हो," ती म्हणाली. "मूत्रपिंड रक्त गाळतं आणि त्यातलं मीठ पुन्हा रक्तात ओढून घेतं. मिठामागे पाणी आलंच. ही गोळी ते मीठ परत जाऊ देत नाही, म्हणून तर सारखी लघवी होते. तुम्ही गोळी थांबवलीत आणि पाणी साठत गेलं. आधी पायांत, आता फुप्फुसांत."

"मग अंगावर मांस किती चढलं?" मी मूर्खासारखं विचारलं.

"काहीच नाही, काका."

बायकोनं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "अहो, आठ दिवस झाले, चप्पल पायात जात नव्हती."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तुम्ही किती खूश होतात."

काय म्हणू या बाईला! मी पायाशी बसलो आणि तिचे पाय चेपू लागलो. घोट्यापाशी अंगठा रुतला, तिथे खळगा पडला. हात काढला तरी तो भरून येईना. मी त्याच्याकडेच बघत बसलो. थोड्या वेळानं नर्सनं तिची नाडी पाहिली, डॉक्टरांना हाक मारली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चादर तिच्या तोंडावर ओढली. पाय उघडे पडले. खळगा अजून तसाच होता.