कडू लागलं की पोचलं

“घरी स्प्रे मारता तसाच मारून दाखवा,” नाकाच्या डॉक्टर वैशालीबाई म्हणाल्या. माझ्या बायकोने, कांताने, डोकं पार मागे टाकलं, स्प्रेचं टोक नाकात सरळ वर खुपसलं आणि जोरात ओढलं. मग आवंढा गिळून माझ्याकडे पाहिलं. बरोबर ना, असं.

बरोबरच होतं. मीच शिकवलेलं. खोपटच्या एसटी डेपोसमोर एका मेडिकलच्या काउंटरवर मी बावीस वर्षं उभा आहे. स्प्रे दिला की मान मागे टाकून दाखवायचो आणि वर ऐटीत सांगायचो, “घशाला कडू लागलं की समजायचं, पोचलं.” गावाला आई आमच्या नाकात तुपाचे थेंब सोडायची, तसंच. खोक्यातला कागद मी कधी उलगडला नाही. गिऱ्हाइकं मला डॉक्टर म्हणायची, मीही म्हणू द्यायचो.

“घशाला कडू लागतं?” बाईंनी विचारलं.

“लागतं ना, रोज,” कांता अभिमानाने म्हणाली.

“म्हणजे औषध घशात चाललंय. नाकात राहतच नाही.” त्यांनी स्वतःची मान किंचित पुढे झुकवून दाखवली. उजव्या नाकपुडीला डावा हात. टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर, कानाच्या बाजूला. आणि श्वास अगदी हळू.

“असं केलं की वास येईल?” कांताने विचारलं.

“वास जाऊन दोन वर्षं झाली हो. आत मांस वाढलंय. करून बघू, खात्री नाही देत.”

कल्याणात आमची अर्धी आळी कांताकडून मसाला भाजून घ्यायची. धणे कधी उतरवायचे ते तिचं नाक सांगायचं. गेल्या उन्हाळ्यात दोन घाणे करपले आणि बायका यायच्या बंद झाल्या. दवाखान्यातून घरी येताना रिक्षात ती डावा हात उजव्या नाकपुडीशी नेऊन सराव करत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं.

तीन महिने तिने बाईंनी सांगितलं तस्सं केलं. काल शेजारची समीक्षा किलोभर धणे घेऊन आली. “काकू, तुमच्याच हातचा मसाला पाहिजे मला.” कांताने लगेच कढई चढवली.

“अहो, बघा ना, उतरवू का?”

मी हुंगलं. धण्यांचा वास होता. झालेत की नाही, कोण जाणे. इतकी वर्षं नुसता खात आलो.

“मला नाही कळत गं,” मी म्हटलं. हे वाक्य काउंटरवर एकदाही तोंडातून निघालं नव्हतं.

कांताने मान किंचित पुढे झुकवली आणि कढईवर अगदी हळू श्वास ओढला, बाईंनी शिकवला तसा. मग पुन्हा एकदा. धूर दिसायला लागला तेव्हा मी गॅस बंद केला.